लंडनची नीना

दुपारी अडीचला फोन येणार होता आणि त्या फोनवर नेहाला हो किंवा नाही सांगायचं होतं. हो म्हणायची भीती, नाही म्हणायचीही भीती. गेली तीन वर्षं ती व्हिएतनाममध्ये, हायफाँग नावाच्या शहरात लहान पोरांना इंग्रजी शिकवत होती आणि पंधरा दिवसांच्या रजेवर चिंचवडला घरी आली होती. त्यातले बारा दिवस संपले होते. तिकडच्या क्लासची मालकीण, लान मॅडम, आता दा नांगला मोठी शाळा काढत होती. नेहाने तिथे जावं आणि मुख्य शिक्षिका व्हावं असं तिचं म्हणणं. हायफाँगचा क्लास महिनाअखेर बंदच होणार होता, आणि नाही जायचं तर त्याबरोबर नेहाचं वर्क परमिटही बंद.

ऐकणाऱ्याला वाटेल, यात भिण्यासारखं काय आहे? बढती आहे, समुद्रकाठचं शहर आहे. नेहाच्या आईने, केसरबाईंनी, तर विहारातल्या चार जणींना सांगूनही टाकलं होतं. पण एक गोष्ट नेहाने घरात कोणालाच सांगितली नव्हती. तिकडे तिला कोणी नेहा म्हणत नव्हतं.

पहिल्याच दिवशी मॅडमने सांगितलं होतं की इथल्या पालकांना इंग्रजी शिकवायला भारतातली बाई चालत नाही. तेव्हा पासपोर्टवर काहीही असो, वर्गात तू नीना, आणि तू लंडनची. नेहाला तेव्हा हसू आलं होतं. हिंजवडीच्या कॉल सेंटरमध्ये आपली पोरं रात्रभर माईक आणि स्टीव्ह होतात आणि सकाळी घरी येऊन पोहे खातात, तसलंच काहीतरी, असं तिने मनाला समजावलं. पण माईकला सकाळी घरी जायला मिळतं. नेहाला रस्त्यात, दुकानात, जिन्यात नीनाच राहावं लागलं. एखाद्या मुलाची आई प्रेमाने विचारायची, लंडनला तुमचं घर कुठल्या भागात, आणि नेहा घाईघाईने विषय बदलायची. लंडन तिने पाहिलं होतं ते फोनवर. बाजारात कोणी हिंदी बोलताना कानावर आलं की नीनाबाई गल्ली बदलायच्या. पोरगी मुळात भित्री, हे खरं. पण अशा जगण्याने वाघाचीसुद्धा शेळी होईल.

आता मॅडमला नीना कागदावर हवी होती. सकाळी व्हॉट्सॲपवर दोन गोष्टी आल्या होत्या. नेहाचा हसरा फोटो असलेलं नव्या शाळेचं पोस्टर, आणि लंडनच्या कुठल्याशा कॉलेजचं नीनाच्या नावाचं सर्टिफिकेट. खाली सही करून फोटो पाठव, असा निरोप. तोंडाने खोटं बोलणं वेगळं आणि खोट्या कागदावर सही ठोकणं वेगळं. पकडलं तर परक्या देशातला तुरुंग. आणि सही नाही केली तर सामान आवरून कायमचं चिंचवड. पुन्हा स्टेशनजवळच्या क्लासमध्ये ‘साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी’ शिकवायचं, आणि भेटेल त्याने विचारायचं, का गं, परत कशी आलीस? विचार करून करून तिचं डोकं भणभणलं होतं.

बाराच्या सुमारास वीज गेली. गुरुवार, लाइन दुरुस्तीचा दिवस, म्हणजे आता चारपर्यंत विजेचं नाव नको. पंखा थांबला तशी नेहा तोंडावर पाणी मारायला उठली. फोन टेबलावर तसाच राहिला, पोस्टर उघडंच होतं. केसरबाईंना लेकीचा फोटो दिसला आणि त्यांनी तो कौतुकाने नवऱ्यापुढे धरला.

ज्ञानदेव कंपनीच्या प्रेसशॉपमधून, पत्रा दाबायच्या खात्यातून, रिटायर झालेले. इंग्रजी ते शाळेत शिकले नव्हते, कामाच्या जॉबकार्डावरची मोठी अक्षरं वाचून वाचून शिकले होते. त्यांनी फोटोखालच्या नावाचं एकेक अक्षर लावलं.

“नेहा, ही नीना कोण?”

नेहा हातात टॉवेल घेऊन दारातच थांबली. मग तिने सगळं सांगितलं, लंडनपासून सर्टिफिकेटपर्यंत. पप्पा आता घर डोक्यावर घेणार असं तिला वाटलं. पण ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. त्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. कंपनीत मशीनवर गेली, एवढंच नेहाला लहानपणापासून माहीत होतं.

“ही बोटं गेली तेव्हा मी ज्ञानदेव नव्हतो,” ते म्हणाले. “जयसिंग होतो.”

“म्हणजे?”

“टेंपरवारी होतो तेव्हा. सात महिने काम, मग ब्रेक. जास्त दिवस ठेवलं तर कायम करावं लागेल म्हणून घरी बसवायचे. तू दीड वर्षाची होतीस. ठेकेदार म्हणाला, जयसिंग म्हणून एक पोरगा काम सोडून गेलाय, त्याचा गेटपास घे आणि लाग कामाला. पासवरचा फोटो पुसट झालेला. चार महिने मी जयसिंग होतो. साहेब हाक मारायचे, मी ओ द्यायचो. मग एक दिवस प्रेस हातावर आला. दवाखान्यात पासवरचं नाव लिहिलं, निरोप गेला त्याच्या गावी. त्याची आई, तानुबाई, एसटीने रडत रडत आली. बघते तर खाटेवर मी.”

“आणि मी?” केसरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “मला तीन दिवस कोणी काही कळवलं नाही. तुला कडेवर घेऊन मी कंपनीच्या गेटवर गेले. वॉचमनने रजिस्टर बघितलं आणि म्हणाला, बाई, ज्ञानदेव नावाचा माणूस इथे कामालाच नाही.”

आजवर नेहा पकडलं जाण्याला भीत होती. आता तिला वाटलं, आपण पकडलेच गेलो नाही, आणि नीना असतानाच काही झालं तर? गेल्या वर्षी ती तापाने फणफणली होती तेव्हा मॅडमने स्वतः गोळ्या आणून दिल्या होत्या. चार दिवस ताप उतरला नव्हता, तरी दवाखान्यात नेलं नव्हतं. नेहाने आईला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं की मॅडम फार प्रेमळ आहे.

“पप्पा, मग मी काय करू?”

“ते मी कुठल्या तोंडाने सांगू? घरात पीठ नव्हतं म्हणून मी पास लावून गेलोच की. तुझं तू ठरव. फक्त तिला एवढं विचार, तुला काही झालं तर ती कुणाला कळवणार.”

अडीचला फोन वाजला. मॅडमने सहीचं विचारायच्या आत नेहानेच विचारलं, “मॅडम, मी तिथे आजारी पडले तर?”

मॅडम हसली. “पडू नकोस. पडलीसच तर आधी मला फोन कर. हॉस्पिटलमध्ये एकटीने जायचं नाही. तिथे पासपोर्ट मागतात, आणि आपल्या नव्या शाळेत पोरं घालणारे कितीतरी जण तिथेच कामाला आहेत.”

“आणि मी शुद्धीवर नसले तर? माझ्या घरी कोण सांगेल?”

“नीना, आज तुला झालंय काय? आधीच्या दोघींनी असलं काही विचारलं नाही.”

“आधीच्या दोघी?”

“तुझ्या आधीच्या नीना.”

आपल्यासाठी शोधून काढलेलं नाव, असं नेहा तीन वर्षं समजत होती. “त्या आता कुठे असतात?”

“काय माहीत. काम संपलं, गेल्या. सही आज पाठवतेस ना?”

“नाही,” नेहा म्हणाली. “माझं नाव नेहा आहे. मी सही करणार नाही आणि दा नांगलाही येणार नाही.”

मॅडम रागावलीसुद्धा नाही. “ठीक आहे. दुसरी नीना बघते,” म्हणाली आणि फोन बंद झाला.

नेहाला वाटलं होतं, एकदा नाही म्हटलं की सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. नोकरी गेली होती, पुढे सगळा अंधार होता, आणि भीती होती तिथेच होती. तिने आईवडिलांना मॅडमचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं.

“त्या दोघींची खरी नावं काय?” ज्ञानदेवांनी विचारलं.

“माहीत नाही, पप्पा.”

“कुठल्या होत्या? घरी पोचल्या का?”

“तेही माहीत नाही.”

“फोन लाव परत. विचार तिला.”

नेहाने फोन लावला. बराच वेळ नुसती रिंग जात राहिली आणि मग तुटली.

“उचलत नाही,” ती म्हणाली.

“परत लाव,” केसरबाई म्हणाल्या.