पाठकोऱ्या गुंडाळीवरचं तळं

"परत कोळ्याचं जाळं! गोष्ट वाचली ना एकदा? वर तिला फांद्या कशाला फोडायच्या?"

चौथीतला ओक्को माझ्यावर पालथा पडून कुरकुरत होता. त्याच्या फाटक्या लोकरी मोज्यातून बाहेर आलेला अंगठा माझ्या कडेवर घासत होता.

त्याला मी दोष देत नाही. मित्रांनो, मी वॉलपेपरची एक जुनी, उरलेली गुंडाळी आहे. फिनलंडमधल्या तांपेरेच्या कारखान्यात माझ्या पोटावर निळी फुलं छापली, तेव्हा वाटलं होतं, आपण आता दिवाणखान्यात मिरवणार. राइलीनं आम्हांला नेलं स्वयंपाकघरासाठी. माझ्या बहिणी भिंतीवर चढल्या, मी उरले. मग सहा वर्षं सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत, अंगावर मारायच्या बर्चच्या वाळक्या जुड्यांमागे पडून होते. वाफेनं कडा सुरकुतल्या. विचारपूस करायला एक उंदीर तेवढा यायचा.

राइली गावच्या शाळेत चौथीला शिकवते. मुलंही तिला नावानंच हाक मारतात. एके दिवशी तिनं मला काखोटीला मारलं आणि वर्गात जमिनीवर उलटं अंथरलं.

"वाचलेलं इथं मांडायचं," ती मुलांना म्हणाली. "मधोमध गोष्टीचा जीव. त्यातून फांद्या काढायच्या. कोण, कुठं, काय झालं, का झालं. हा मनाचा नकाशा."

जन्मभर पोटावरच्या फुलांचा तोरा, आणि कामाला आली ती पाठ!

धडा झाला की हातभर कापून मला व्हरांड्यात टांगत. सर्वांत देखणे नकाशे केर्तुचे. लाल फांदी, जांभळी फांदी, टोकाला पानंसुद्धा. "काय सुरेख रंगवते गं माझी पोर!" तिची आई म्हणायची. पण वाचून उत्तरं लिहायची वेळ आली की केर्तुचा कागद कोराच. ती पाचवीत जाणार की पुन्हा चौथीतच बसणार, हे शाळा संपायच्या आत ठरायचं होतं. तो विषय निघाला की मोठी माणसं नकाशांचं कौतुक करत. मीही फुशारत होते, खोटं कशाला बोलू?

आजचा धडा तळ्याचा. एप्रिल महिना. एक आजोबा गोठलेलं तळं चालत ओलांडायला निघतात आणि अर्ध्यातून मागे फिरतात. मुलांनी भराभरा माझी पाठ भरली. मासे पकडायचं भोक आलं, स्केट आले, शेकोटीवरचा सॉसेज आला. तळं यांच्या दारातलं. वाचायची गरज कोणाला!

"छान. पण आजोबा मागे का फिरले?" राइलीनं विचारलं.

मुलं आपापल्या फांद्यांकडे बघू लागली.

"आज गुरुवार ना," ओक्को म्हणाला, "दर गुरुवारसारखं घरी वाटाण्याचं सूप असेल!"

मुलं खिदळली. राइलीही हसली, पण तिची नजर केर्तुवर होती. 'बर्फ काळवंडला होता,' असं धड्यात स्वच्छ लिहिलं होतं. वसंतातला काळा बर्फ म्हणजे पायाखाली फुटणारा बर्फ, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण एकाही फांदीवर तो काळा बर्फ नव्हता.

राइली गुडघ्यावर बसली. रंगांचा डबा बाजूला सारून तिनं केर्तुपुढे साधी पेन्सिल ठेवली. "कळलं तेवढंच काढ."

मित्रांनो, माझा आता दीड हात तुकडा उरला आहे, म्हणून मागून घेते. मला देखणं करू नका. वाचताना जिथं अडलात, तिथं फांदी मोकळी सोडा. कोऱ्या जागेची मला लाज नाही. कोरी होते म्हणून तर या वर्गात आले. आणि कोणी कोरी जागा दाखवली, तर तिच्यावरून घाईनं कौतुकाचा हात फिरवू नका.

केर्तुनं पेन्सिल उचलली. टोक माझ्या पाठीवर टेकवलं. 

"राइली," ती म्हणाली, "मला वाचलेलं कळतच नाही. अक्षरं येतात सगळी. पण मी माझंच तळं काढलं. धड्यातलं मला दिसतच नाही."

ओक्कोनं मोजा ओढून अंगठा आत घेतला.

"मलापण," तो म्हणाला.