करंगळीची खाच

"करंगळी अधांतरीच राहती रे ह्याच्यात. बाकीची बोटं कशीबशी बसत्यात, पर करंगळीला जागाच न्हाई. कुण्या आडाण्यानं केलाय हा दस्ता, देव जाणे!"

दिनकररावांनी रिव्हॉल्व्हर बन्सीधर सुताराच्या पुढ्यात, वाकस आणि पटाशी या हत्यारांच्या मधोमध ठेवलं. गोळ्या ते घरीच काढून आले होते, तरी बन्सीधर जरा मागं सरकला. मग हात धोतराला पुसून त्यानं ते उचललं आणि करंगळीच्या खाचेवर त्याचं बोट थांबलं.

मुठीचा दस्ता शिसवी होता. तेल पिऊन, घाम पिऊन काळाभोर झालेला. बोटांना खाचा कोरलेल्या होत्या आणि सगळ्यांत खालची, करंगळीची खाच तिरपी होऊन बाहेर वळलेली होती. अशी खाच परभणी जिल्ह्यात दुसरी सापडली नसती, कारण तशी करंगळीही दुसरी नव्हती. हा दस्ता खुद्द बन्सीधरनंच केला होता, गिरदावर हाफिजमियाँसाठी.

निजामाच्या राज्यात गिरदावर म्हणजे जमिनीची मोजणी-पाहणी करत गावोगाव हिंडणारा अंमलदार. हाफिजमियाँ फार थोर माणूस होता असं कुणी म्हणणार नाही. ज्या गावी जाई तिथली कोंबडी त्याला लागायचीच, आणि रागावला की उर्दूत सुरू होऊन तेलगूत संपायचा. पण हिशेबाला सरळ होता, आणि मुख्य म्हणजे बन्सीधरच्या घराला लागूनच राहायचा. लहानपणी घोड्यावरून पडून त्याची करंगळी मोडली होती, ती पुन्हा कधी मिटलीच नाही. हाताशी नीट बसेल असा दस्ता कर म्हणाला तेव्हा बन्सीधरनं त्याच्या मुठीत मेणाचा गोळा दाबायला दिला होता. त्या मेणावरचा ठसा पुढ्यात ठेवून त्यानं लाकूड कोरलं होतं. मियाँ खूश झाला. "बन्सी, ये तो मेरा हाथच बना दिया तूने," असं म्हणून त्यानं बायकोला बाहेर बोलावून दाखवलं होतं.

पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत हाफिजमियाँ गाव सोडून गेला. वातावरण निवळेपर्यंत हैदराबादेत राहतो म्हणाला. रस्त्यानं एकट्यानं जाणं धोक्याचं, म्हणून दिनकररावांनी स्वतःची बैलगाडी जुंपली आणि त्याला देवगाव फाट्यावरून सेलूच्या स्टेशनावर पोचवून आले. रेल्वेत बसवून दिलं, डबा हलेपर्यंत उभा होतो, असं त्यांनी गावाला सांगितलं. गावानं त्यांचं कौतुक केलं. हाफिजमियाँचा मात्र पुढं कागद आला नाही की निरोप आला नाही.

जाताना त्याचं रिव्हॉल्व्हर त्याच्या कमरेला होतं. ते बन्सीधरनं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"काय बगायलास एवढं?" दिनकररावांनी विचारलं. "हैदराबादेत घेतलं एका बड्या माणसाकडून. आता मुंबई राज्यात आलाव आपुन, लायसन बी झालं पक्कं. म्हणलं, चार माणसांत काढायचं तर दस्ता तरी नवा पायजे. हे बग."

खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून त्यांनी सोडली. आत काळ्या, चकचकीत दोन फाका होत्या. अंगावर बारीक जाळी, मधे पेचाला भोक.

कुऱ्हाडीला दांडा घालून घ्यायला आलेला धोंडीबा धनगर शेजारीच उकिडवा बसला होता. त्यानं मान पुढं काढली. "शिंगाचं हाय का वं, मालक?"

"शिंग न्हाई, येड्या. प्लास्टिक म्हणत्यात. पावसाळ्यात फुगत न्हाई, घाम धरीत न्हाई, तेल लावा न्हाई का काई न्हाई. डीएसपी सायबाच्या कमरेला आसलाच हाय. लाकडाचं दिवस गेलं आता."

एरवी बन्सीधर असल्या बोलण्याला हसून सोडून देत असे. पण आज गप्प राहिलं तर दिनकररावांना संशय येईल असं त्याला वाटलं, म्हणून तो बोलायला लागला. "त्याचं आसं हाय मालक, की हे उन्हात तापंल आन थंडीत गार पडंल. लाकूड हाताची ऊब धरतं. घाम पितं, म्हणून तर मूठ निसटत न्हाई. ह्याला घाम आला की मासळीवानी सुळ्ळकन जाईल."

"म्हणून तर जाळी हाय त्याला."

"जाळी झिजती की."

"आन लाकूड चिरत न्हाई?"

"शिसव न्हाई चिरत, मालक."

धोंडीबानं एका हातात प्लास्टिकची फाक घेतली, दुसऱ्या हातानं शिसवी दस्त्यावर बोट फिरवलं आणि विचार करून निकाल दिला, "मला इचाराल तर दोन्ही सारकेच. ज्याला गोळी लागायची त्याला दस्ता कायचा हाय ते कुटं कळतंय?" एवढं बोलून तो आपल्याच विनोदावर हसला, दांडा घातलेली कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि मेंढरं कापसात शिरली की काय म्हणून बघायला निघून गेला.

बन्सीधरनं पेच सोडवायला घेतला. दिनकरराव मात्र विषय सोडीनात. त्यांना नव्या वस्तूची हौस होती आणि जुन्याला नावं ठेवल्याशिवाय नव्याची हौस पुरी होत नाही, असा त्यांचा स्वभाव. "तू काई बी म्हण बन्सीधर, पर हे काम आंधळ्याचंच हाय. खाच बग ना कशी वाकडी! शिकाऊ पोरानं बी आसली चूक केली नसती."

आणि इथं बन्सीधरचा घात झाला. त्याला कुणी शिवी दिली असती तर त्यानं ऐकून घेतली असती, वर्षाचं बलुतं कमी घातलं असतं तरी खाली मान घालून नेलं असतं. पण त्याच्या हातच्या चांगल्या कामाला चूक म्हटलेलं त्याला आजवर सोसलं नव्हतं. शब्द तोंडातून निघून गेले.

"चूक न्हाई ती, मालक. मेणात मूठ दाबून घेतली आन मंग कोरलं. करंगळी मोडकी व्हती त्येंची, म्हणून..."

तो थांबला. पण आता थांबून काय उपयोग होता? बन्सीधरनं मान वर केली नाही. दिनकररावांच्या वहाणांचे अंगठे त्याला दिसत होते, ते जागचे हलले नाहीत.

"कुणाची?" दिनकररावांनी अगदी सावकाश विचारलं.

"आसंल कुणाची तरी. जुनी गोष्ट हाय. मला तरी कुटं धड आठवायलंय?"

"न्हाईच आठवत तर बरं." दिनकरराव खाली बसले, त्याच्याइतकेच खाली. आजवर ते त्याच्याकडं कधी असे बसले नव्हते. "नवा बसव. आन हे जुनं चुलीत घाल. उद्या सकाळी मळ्यात जाताना येतो मी इकडून. यंदा ज्वारी लय चांगली हाय, बन्सीधर. खळ्यावर ये. बलुत्यावर आजून एक पोतं घेऊन जा."

त्यांना ते लाकूड स्वतःच्या घरी नेऊन जाळता आलं असतं. पण तसं केलं असतं तर ते त्यांचं एकट्याचं काम झालं असतं. त्यांना ते दोघांचं करायचं होतं, आणि बन्सीधरला ते समजत होतं. तरीही त्यानं नवा दस्ता बसवून दिला. दिनकररावांनी मूठ आवळून बघितली, करंगळी नीट बसली, आणि ते समाधानानं गेले.

दुपारी बन्सीधर शिसवाच्या दोन्ही फाका कमरेला खोचून शेजारच्या घरी गेला. सांगायचंच, असं ठरवून गेला होता. हाफिजमियाँच्या बायकोला, रमजानबीला, नऊ वर्षं कुणी धड सवाष्ण म्हणत नव्हतं की विधवा म्हणत नव्हतं. गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा तसाच, हातात बांगड्या तशाच. ईद आली की ती दिनकररावांच्या घरी शिरखुर्मा पाठवायची. आपल्या माणसाला सुखरूप स्टेशनावर पोचवणारा म्हणून त्यांच्यासाठी दुवा मागायची.

तिच्या दारात बैलगाडी उभी होती. तिचा नांदेडचा भाऊ तिला न्यायला आला होता आणि चिडून अंगणात येरझाऱ्या घालत होता. "आपा, मैं आखरी बार आया," तो म्हणत होता. "तिकडं घर हाय, लेकरं हायती, मान हाय. इथं एकली मरशील."

"हे बग, दादा आले," बन्सीधरला बघून रमजानबी म्हणाली. तिला हायसं वाटलेलं दिसलं. "ह्यांना इचार. दादा, तुमी मोठे हाव, तुमीच सांगा. तुमी म्हणलाव जा, तर मी आत्ता बसते गाडीत. खरं सांगते, मी बी थकलेय आता. पर मी गेले आन ते आले, दाराला कुलूप बगून माघारी फिरले, तर? दिनकररावांनी सोता रेल्वेत बसवून दिलं त्येंना. ते खोटं कामून बोलतील? तुमाला काय वाटतं, येतील का न्हाई?"

भाऊ थांबला. तोही बन्सीधरकडं बघू लागला. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, की बाबा, एकदाचं नाही म्हण.

कमरेला शिसव रुतत होतं. एवढं काढून तिच्या हातात दिलं असतं तरी पुरे होतं. एक शब्द बोलावा लागला नसता. ती गाडीत बसली असती, रडली असती, विधवेची इद्दत पाळून मोकळी झाली असती, भावाच्या लेकरांत रमली असती. आणि भाऊ? तो फाका घेऊन सरळ ठाण्यावर गेला असता. मग जमादार विचारणार, ह्या कुणी दिल्या? मग दिनकरराव. मग बन्सीधरचं घर, त्याच्या घरावरून जाणारी त्यांची गुरं, त्यांचं खळं, त्यांची माणसं. हे सगळं बन्सीधरच्या डोळ्यांपुढून एका दमात गेलं.

"येतील की," तो म्हणाला.

रमजानबीचा चेहरा फुलला. भावानं कपाळावर हात मारला. तो पाणीसुद्धा न पिता रिकामी गाडी घेऊन फाट्याच्या रस्त्याला लागला. बन्सीधरनं, काहीतरी करायचं म्हणून, तिच्या दाराचा ढिला अडसर ठोकून दिला. त्याबद्दल तिनं त्याला चहा पाजला आणि त्यानं तो प्यायला. स्वतःचा एवढा तिटकारा त्याला आयुष्यात कधी आला नव्हता.

दिवेलागणीला त्यानं मनकर्णेला, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं. ती परातीतलं पीठ मळता मळता थांबली. मग म्हणाली, "आवं, तिच्या तोंडाकडं आता मी कशी बगू?" तिनं त्याला जाळ असंही म्हटलं नाही आणि जाळू नको असंही म्हटलं नाही. त्याला वाटत होतं की तिनं दोन्हींपैकी काहीतरी म्हणावं.

सकाळी थंडी मनस्वी होती. बन्सीधरनं चुलीतली तुऱ्हाटी बाजूला सारली आणि शिसवाच्या दोन्ही फाका आत ठेवल्या. त्या लवकर पेटेनात. आधी तेल चरचरलं, मग कडांवर निळसर जाळ धरला आणि खाचा दिसेनाशा झाल्या. करंगळीची खाच सगळ्यांत शेवटी गेली. बन्सीधर शेवटपर्यंत बघत बसला. निदान एवढं तरी आपण केलं पाहिजे असं त्याला वाटलं.

बाहेर वहाणा वाजल्या. दिनकरराव उंबऱ्याशी आले, आत चुलीकडं नजर टाकली. कमरेला रिव्हॉल्व्हर होतं, काळा दस्ता सदऱ्याबाहेर ठेवलेला.

"झालं?"

"झालं, मालक."

ते मळ्याकडं निघून गेले. मनकर्णेनं तवा ठेवला. पहिली भाकरी तिनं थापली तोच मागच्या दारात रमजानबी उभी राहिली. हातात गोवरीचा तुकडा होता आणि चेहऱ्यावर कालचा आनंद अजूनही होता.

"मनकर्णाबाई, जरा विस्तव दे गं. पेटीतल्या काड्या सर्द झाल्या, एक बी ओढंना."

मनकर्णेचा हात भाकरीवरच राहिला. तिनं नवऱ्याकडं बघितलं. चुलीत तुऱ्हाटीची नुसती राख झाली होती. निखारे होते ते शिसवाचेच, लालबुंद, ठणठणीत. विस्तव नाही असं म्हणायला जागा नव्हती आणि दारात आलेल्या बाईला नुसतं परत पाठवायची त्या घराला सवय नव्हती.

बन्सीधर उठला. त्यानं चिमट्यानं एक निखारा उचलला आणि तिच्या गोवरीवर ठेवला.

"लय चांगला धरलाय की, दादा," ती म्हणाली. "कायचं लाकूड हाय?"

"बाभळीचं."

"आज दोन भाकरी जास्तीच्या टाकते," असं म्हणत तिनं गोवरीला पदराचा आडोसा केला, आणि वाटेत विझू नये म्हणून निखाऱ्यावर हळूहळू फुंकर घालत ती आपल्या घराकडं निघाली.