काकांच्या नाकातली नळी

मित्रांनो, तुमच्या करंगळीपेक्षाही बारीक आणि दोन हात लांब अशी मी एक नळी आहे. ज्यांना गिळता येत नाही, त्यांच्या नाकातून मी पोटात उतरते आणि त्यांचं जेवण माझ्यातून जातं. मला पाहून कुणाला आनंद झाल्याचं मला तरी आठवत नाही.

कारखान्यात माझ्यावर खुणा छापल्या, मला पाकिटात बंद केलं आणि मी एका शिंपीकाकांच्या नशिबी आले. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती, गिळणंही गेलं होतं. मला घालताना दोनदा वाट चुकली. काकांच्या नाकातून रक्त आलं, डोळ्यांतून धारा लागल्या. तिसऱ्यांदा मी पोटात पोहोचले.

सिस्टरने काकूंना बजावलं, "भरवताना उशी उंच ठेवा. आधी आणि नंतर नळीत पाणी सोडा. गोळी दुधात नको, वेगळी पाण्यात विरघळवा. नाकाजवळची खूण सरकली, तर काही न देता मला फोन करा."

काकूंनी जवळपास सगळं मनापासून केलं. पण माझ्यात पाणी सोडलं नाही. काका वाळत चालले होते आणि काकूंचा जीव तुटत होता. मुलीने हटकलंही.

"आई, सिस्टर पाणी म्हणाल्या होत्या ना?"

"तू गप गं! पाण्याने काय अंगाला लागतंय? तेवढंच दूध जास्त जाईल."

गोळीची पूडही त्या दुधातच ढवळत. माझ्या अंगात थर साचत गेला. मला दोन तोंडं, पण बोलता एकानेही येत नाही.

आठव्या दिवशी सकाळी मी पार तुंबले. फोन केल्यावर सिस्टर घरी आल्या, त्यांनी कोमट पाण्याने पुष्कळ प्रयत्न केला, मग मला बाहेर ओढलं आणि नवं पाकीट उघडलं. ते पाहताच काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि चांगल्या हाताने नाक झाकून घेतलं. मुलीने विनवण्या केल्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, जबरदस्ती करू नका. दुपार सरली तरी तो हात हलला नाही.

मी कचऱ्याच्या डब्यातून हे पाहते आहे. माझा आता काहीच उपयोग नाही. मित्रांनो, माझी एखादी बहीण तुमच्या घरी आली, तर तिला घोटभर पाणी द्यायला विसरू नका. माया कमी पडली म्हणून मी बंद पडले नाही हो.

काकू पाण्याने भरलेली सिरिंज धरून खाटेपाशी बसल्या आहेत. "आता देते ना पाणी," त्या म्हणताहेत, "आधी देते, नंतर देते. हात तेवढा काढा."