नळावरची चौकशी

“मुलीला कोंडून कामावर जाता तुम्ही?” उत्तराने विचारलं आणि नळावरची बडबड एकदम थांबली.

कुणीतरी तक्रारीचा फोन केला होता. दिवा स्टेशनजवळच्या त्या चाळीत पाणी दिवसाआड यायचं. त्या वेळी सगळे घरी सापडतात म्हणून उत्तराने मुद्दाम हीच वेळ निवडली होती. बालसंरक्षणाच्या कामात केस पिकलेली बाई. आधी ऐकून घ्या, घरच्यांची अब्रू जपा, हे ती नव्या मुलींना फार छान शिकवायची. आज मात्र तिला अजून दोन घरं उरकायची होती.

करिश्मा हंडा घेऊन तशीच उभी राहिली. “मॅडम, वागळे इस्टेटला पॅकिंगला जाते मी. नवरा सोडून गेला. कुठे ठेवू हिला?”

“चार वर्षांची पोर आहे. काही झालं तर? बालकल्याण समितीसमोर यावं लागेल तुम्हाला.”

“म्हणजे घेऊन जाणार तिला?”

“तसं नाही हो,” उत्तरा म्हणाली, पण बायकांची कुजबुज सुरू झाली होती. छोटी जागृती आईच्या गाऊनला चिकटली.

घरी जाताना उत्तराला स्वतःचाच राग आला. खोलीत बसून बोलायला असा किती वेळ लागला असता? मग तिने दहा जणांना फोन केले, विनवण्या केल्या आणि एका पाळणाघरात जागृतीसाठी फुकट जागा मिळवली. हे सांगायला ती उत्साहाने गेली, तर खोली रिकामी.

“गेली पोरीला घेऊन,” शेजारच्या जयाकाकी म्हणाल्या. “कुठं, ते नाय सांगितलं. फोन पन बंद.”

“अहो, पण का?”

“दिवसभर खिडकीतून मीच बघायचे पोरीला. जेवन पन मीच द्यायचे. तुमी येऊन गेल्या आन् सगळी बोलली, पोलीस तुला पन धरतील. मना भ्या वाटला. तिला सांगितलं, आता मी नाय बघनार.” काकींनी पदर डोळ्यांना लावला. “आजी बोलायची मना.”

मुलीकडे कुणी बघतं का, एवढं साधं विचारायचंही उत्तराला सुचलं नव्हतं. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला.

“मॅडम, उद्या येतेय ना मुलगी? दुसरी एक आई जागेसाठी थांबलीय.”

“त्यांना द्या,” उत्तरा कशीबशी म्हणाली.

“सापडंल ना वो पोर?” काकींनी विचारलं.

करिश्मा जिथे असेल तिथून सकाळी कामावर जाणारच होती. फक्त कुलपाच्या आत पोर आहे, हे आता ती कुणाला कळू देणार नव्हती.