घरच्या गंगाचा दाखला

समीक्षा गावस वकिलीण रागीट आहे, हे पेडण्यात रिक्षावाल्यापासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक. तरी तिच्याकडे गर्दी असतेच, कारण ती रागावते ती अशिलाच्या बाजूने. पाव भाजणाऱ्या पोदेराच्या दुकानावरच्या माडीवर तिचं ऑफिस. आत दोन बाकं. एकावर पोटची मुलं सांभाळत नाहीत अशी म्हातारी माणसं बसतात, दुसऱ्यावर कामावरून काढलेली. गंगा पहिल्यांदा आली तेव्हा दोन्ही बाकांच्या मध्ये उभीच राहिली. आपण नक्की कुठल्या बाकावरचे, ते तिला कळेना.

गंगा मूळची सातार्ड्याची. धारगळला कृष्णनाथआबांकडे ती अकरा वर्षं राहिली. आबा अंथरुणाला खिळलेले. त्यांना न्हाऊ घालणं, कूस बदलणं, पेज भरवणं, सगळं तिने केलं, आणि असं केलं की शेवटपर्यंत म्हाताऱ्याच्या पाठीला साधी जखम झाली नाही. सुट्टी तिने कधी घेतली नाही; ती मागायची असते हेच तिच्या गावी नव्हतं. चैतात आबा गेले. तेरावं झाल्यावर मुलाने, रुद्रेशने, चांगली साडी देऊन तिची पाठवणी केली.

आता डिचोलीच्या एका वृद्धाश्रमात तिला काम मिळत होतं. अट एकच, असं काम आधी कुठे केलं त्याचा दाखला हवा, तोही सोमवारच्या आत. आणि रुद्रेश दाखला देत नव्हता.

"का देत नाही?" समीक्षाने विचारलं.

"ते म्हणतत, तू घरचीच. घरच्या माणसाक कसलो दाखलो?"

समीक्षाने फोन लावला. काय बोलली ते माडीखालीसुद्धा ऐकू गेलं असेल. शनिवारी रुद्रेश हजर.

माणूस वाईट नव्हता हो. पणजीला नोकरी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला भरवून दिलं होतं की एकदा लिहून दिलंस की कोर्टकचेरीचं लचांड मागे लागतं, आणि ते भय त्याने मनात ठेवलं होतं. तोंडाने मात्र म्हणाला ते अगदी मनापासून.

"मॅडम, आम्ही हिला कधी कामवाली म्हटलं नाही. चवथीला आमच्याबरोबर आरतीला उभी राहायची. आता नोकर होती असं लिहून देऊ? लोक काय म्हणतील?"

समीक्षा तोंड उघडणार एवढ्यात गंगाच बोलली. "हय बाय, रुद्रेशबाब खोटा बोलणत नाय. त्या घरात माका कोणी परकी मानूक नाय." आणि ताठ मानेने बसली.

समीक्षाने कपाळावर हात मारून घेतला. अगो बाये! सोमवारचं काम हातचं चाललंय आणि ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय, वर अभिमानाने! घरचीच, घरचीच म्हणवून घेत ह्या तालुक्यात किती बाया जन्मभर राबल्या आणि पिशवी उचलून मुकाट्याने निघून गेल्या, ते समीक्षाने ह्या बाकांवर पाहिलं होतं. आता दोघांनाही फैलावर घ्यावं म्हणून तिने रुद्रेशकडे पाहिलं, आणि तिची नजर त्याच्या डोक्यावर गेली. बापामागे मुंडन केलेलं, केस आता कुठे उगवू लागलेले.

तिने आवाज खाली आणला.

"आबा गेले तेव्हा सुतक पाळलंत?"

"म्हणजे काय! तेराव्यापर्यंत."

"मग देवाकडे दिवा कोण लावायचं?"

"गंगाताई."

"तुमच्या मिसेसनी का नाही लावला?"

"मॅडम, सुतकात आम्ही देवाला शिवतो होय? घरच्यांना चालत नाही. बाहेरचं कोणीतरी..."

आपण काय बोललो ते कळून त्याने चटकन गंगाकडे पाहिलं.

गंगाची मान खाली गेली होती. "पयल्या दिसाक मी देवाच्या खोलीत जावकच नाय," ती हळू म्हणाली. "म्हटलंय, माकाय सुतक आसा. तेव्हा बाब म्हणाले, तुका कसला सुतक, तू लाव दिवो." तिने पदर डोळ्यांना लावला. "तेव्हाच माका कळाक होया होता."

समीक्षाचा जिंकल्याचा आनंद राहिला बाजूलाच. अशिलाचं काम व्हावं म्हणून आपण अशिलाच्याच काळजाला हात घातला. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

रुद्रेशने डोक्यावरून हात फिरवला. "मी म्हटलं होतं तसं," तो म्हणाला. "कागद द्या, मॅडम."

त्याने स्वतःच्या हाताने लिहायला घेतलं. माझे वडील अंथरुणाला होते, त्यांची देखभाल गंगाताईंनी अकरा वर्षं केली, त्यांच्या पाठीला कधी जखम होऊ दिली नाही. पुढे 'आमच्याकडे नोकरी' लिहायचं होतं तिथे पेन अडलं. त्याने गंगाकडे पाहिलं.

"लिवा, बाब," गंगा म्हणाली. डोळे पुसून झाले होते. "कामच केलंय मी. बरा केलंय. त्याची कसली लाज?"

रुद्रेशने लिहिलं आणि सही केली. गंगाने दाखल्याची जपून घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

दारापर्यंत जाऊन रुद्रेश मागे फिरला. "गंगाताई, पुढच्या चैतात आबांचं वर्षश्राद्ध. तू यायचंस."

"आदल्या दिसाक येव? रांधूक?"

"रांधायला नाही. आमच्या पंक्तीला, पानावर बसायला."

गंगा बघतच राहिली. तोंडभर हसू आलं, ते तिला लपवताही येईना. 'येतलंय' म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि थांबली. पर्स चाचपली.

"सुट्टी गावली तर येतलंय, बाब," ती म्हणाली. "आता माका विचारूक होया."

"गावतली गो!" समीक्षा खुर्चीतून इतक्या मोठ्यांदा ओरडली की खाली पोदेराने मान वर करून पाहिलं. "नाही दिली तर मी आहे!"