एक दात जास्त

समोरचा पक्का दात नुकता हिरडीतून वर आला की त्याची कड सरळ नसते. तिच्यावर तीन बारीक उंचवटे असतात, करवतीच्या दात्यांसारखे. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर घासत राहिले की ते हळूहळू झिजतात आणि कड सपाट होते. आपल्याही दातांवर ते कधीकाळी होते, हे मोठ्या माणसांना आठवतसुद्धा नाही. ठकीच्या दातांवर ते अजून शाबूत होते, आणि डाव्या दाताचा मधला उंचवटा बाकी दोन्हींपेक्षा किंचित बुटका होता.

कवळीवालीच्या नजरेतून असलं काही सुटायचं नाही. तोंडं बघणं हा तिचा धंदाच होता. घराच्या मागच्या खोलीत तिची छोटी लॅब होती. डॉक्टर लोक दातांचे ठसे पाठवायचे आणि ती त्यांवरून कॅप आणि कवळ्या करून द्यायची. गल्लीतले सगळे तिला कवळीवालीच म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

ठकी आठ वर्षांची होती. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. बालकल्याण खात्याच्या बाईंनी तिला सध्यापुरती म्हणून या घरी आणून सोडलं होतं. याआधी ती दुसऱ्या एका घरी होती आणि तिथून परत आली होती. का, ते कोणी धड सांगितलं नाही. बाई अधूनमधून यायच्या, चहा घ्यायच्या आणि उठताना तोच प्रश्न विचारायच्या, "कायमची ठेवून घेणार का?" नवऱ्याचं उत्तर पहिल्याच आठवड्यात तयार होतं. सासूबाईंचं तर त्याच्याही आधी. घोडं अडलं होतं ते कवळीवालीपाशी. "थोडा वेळ द्या," ती म्हणायची. बाईंनी तो बराच दिला. आता मात्र त्यांनी निरोप धाडला होता, की शुक्रवारी दुपारी येते आणि या वेळी काय ते ठरवून सांगा. तुमचं नाही असेल तर दुसरं एक कुटुंब वाट बघतंय.

त्या घरात जेवायला बसताना एक खेळ चालायचा. मूल बापाच्या चपला पायात अडकवून घरभर फटक-फटक फिरतं, तशी आपण देवाची नक्कल करावी, असं चर्चमधले पाळक एका रविवारी म्हणाले होते. नवऱ्याला ते इतकं आवडलं की त्याने घरात रिवाजच पाडला. प्रार्थना झाली की प्रत्येकाने सांगायचं, आज देवाची नक्कल कुठे केली. निकाल सासूबाई देणार.

"आज मी गप्प बसलो," बुधवारी नवऱ्याने छाती फुगवून सांगितलं. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. "एका बाईंना म्हटलं गाडी मागे घ्या, तर त्यांनी पुढे घेतली ती थेट फळवाल्याच्या टोपल्यांत. संत्री रस्ताभर! पण मी एक शब्द बोललो नाही. देवासारखा, चटकन न रागावणारा. मंदक्रोध."

"तुझी वाचा बसली असेल," सासूबाई म्हणाल्या. "ही धरायची नाही."

"आई, अर्धी तरी धर!"

"अर्धी नाही आणि पाव नाही. संत्री गोळा केलीस का?"

"केली ना. ओणवा होऊन."

"मग ती धरली. आधी सांगायचं सोडून मंदक्रोध कसला सांगतोस! ठकी, तुझं काय?"

ठकीने गंभीरपणे सांगितलं, "बाजूच्या मुलीला माझा खोडरबर दिला. तिने माझी वेणी ओढली होती, तरी."

"वा गं माझी राणी! देवाचं ऊन काय माणसं निवडून पडतं? पैकीच्या पैकी." मग सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. "आणि तू गं?"

"माझं आज काही नाही."

"आज म्हणजे? कालही नव्हतं. तू कधी सांगणार, देव जाणे."

कवळीवाली हसली आणि तिने पाव पुढे सरकवला.

खरं कारण तिने गुरुवारी दुपारी सांगितलं. सासूबाई कवळी घासून घ्यायला लॅबमध्ये आल्या होत्या. ती कवळी सुनेनेच केलेली, पण तिच्याबद्दल तक्रार नाही असा दिवस जात नसे. त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने विचारलं, "उद्या त्या बाईंना काय सांगणार?"

कवळीवालीने चष्मा कपाळावर चढवला. "आई, मी तिच्या वेण्या घालते, ते शेजारणीचं बघून शिकले. तिला ताप आला तेव्हा कपाळावर हात ठेवला, तो माझी आई ठेवायची अगदी तसा. निजवताना जे बोलते तेही तिचंच. आतून काही उचंबळून येत नाही हो. सगळी उसनवारी. उद्या हो म्हणायचं आणि जन्मभर आई असल्याची नक्कल करायची? त्या पोरीची ती फसवणूक नाही का?"

सासूबाईंनी टेबलावरच्या कवळीकडे बोट केलं. "हे दात खोटे ना?"

"हो."

"यांनी चावलेला पाव पोटात जातो तो खरा, का तोही खोटा?"

"ती गोष्ट वेगळी."

"बरं बाई, वेगळी. आधी ही डावी बाजू घास. टोचतेय मेली."

त्या संध्याकाळी कवळीवालीने दुसऱ्या दिवशीच्या कामाचं झाड लावलं. धातूची कॅप करायची तर आधी ती मेणात कोरावी लागते. मग असे मेणाचे दात मेणाच्याच काड्यांवर चिकटवायचे, की दिसायला फळं लागलेलं इवलंसं झाड तयार होतं. त्याच्याभोवती नळकांड्यात ओला साचा ओतायचा. रात्रभर भट्टीत मेण जळून जातं, आणि त्याने सोडलेल्या पोकळीत सकाळी वितळलेला धातू भरायचा. झाड उभं करून ती दारावर आलेल्या डॉक्टरांच्या माणसाशी बोलायला गेली. परत आली तेव्हा नवरा उंबऱ्यात उभा राहून पुन्हा संत्र्यांची गोष्ट सांगू लागला, या खेपेला हातवाऱ्यांसकट. तिने हसत हसत साचा ओतला. झाडाकडे एरवी ती डोळ्यांत तेल घालून बघायची. त्या दिवशी बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिने धातू भरला. दुपारी तो निवल्यावर साचा फोडला, दात ब्रशने साफ केले आणि प्लास्टरच्या जबड्यांवर एकेक बसवून पाहिले. सगळे बसले. एक उरला.

तिने पुन्हा सगळे तपासले. उरलेला दात कोणत्याच जबड्याचा नव्हता. समोरचा, वरचा, जरा ओबडधोबड. आणि आतून पोकळच नव्हता! कॅप म्हणजे टोपी. ती खालच्या दातावर बसायला आत जागा नको? हा तर सबंध भरीव.

तिने डॉक्टरांना फोन लावला. "तुमचा एक दात जास्त आलाय का माझ्याकडे?"

"माझ्याकडे येणाऱ्यांना दात कमी असतात, ताई," डॉक्टर म्हणाले. "जास्त असलेला अजून कोणी आला नाही."

एवढ्यात नवरा आत डोकावला. त्याने तो दात आपल्या दातांपुढे धरून आरशात पाहिलं. "मला शोभतो का? गुंड वाटतो ना मी?"

"खाली ठेव तो. कोणाचा आहे कळत नाहीये आणि तुला मस्करी सुचतेय."

"आण इकडे," सासूबाई मागून म्हणाल्या. त्यांनी दात खिडकीच्या उजेडात धरला, डोळे बारीक केले, एकदा दाताकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं. मग त्या जे हसू लागल्या, ते कवळी हाताने धरायची पाळी आली.

"अगं, दुनियेची तोंडं बघतेस, स्वतःचं कधी बघितलंस का? मी रोज जेवताना समोर बघते. तुझाच आहे हा!"

कवळीवालीने तो हातात घेतला. डाव्या कोपऱ्यावर कड उडालेली होती. तिने जिभेने स्वतःचा समोरचा दात चाचपला. लहानपणी झोपाळ्यावरून पडून उडालेला कोपरा, त्याच बाजूला, तसाच तिरपा. तिने भिंग लावलं. दातावर वरून खाली एक केसासारखी रेघ होती, टाचणीने ओढलेली. ती रेघही तिच्या दातावर होती. इतकी बारीक, की डॉक्टरांनाही दिवा जवळ आणल्याशिवाय दिसत नसे. कोणीतरी कितीतरी दिवस, अगदी जवळून तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"ठकी कुठंय?" तिने विचारलं.

शाळेला सुट्टी होती. नवरा म्हणाला असेल आत. आत नव्हती. अंगणात नव्हती. न्हाणीघरात नव्हती. पलंगाखाली तिची पिशवी असायची, तीही नव्हती. देवा, देवा, एवढंच म्हणत कवळीवाली एक चप्पल पायात आणि एक हातात अशी पुढच्या दाराकडे धावली.

ठकी पायरीवर बसली होती. बूट घातलेले, पिशवी मांडीवर, पिशवीचे बंद घट्ट बांधलेले.

"इथे काय करतेस गं?"

"बाई येणार ना. त्यांची वाट बघतेय." तिने वर पाहिलं नाही. "मी तुमच्या मेणाला हात लावला. काल तुम्ही दारावर गेलात तेव्हा दिव्यावर कोरायची पाती गरम करून मी केलेला दात झाडाला चिकटवला. तुम्ही सांगितलं होतं दिव्याला हात लावायचा नाही. तिकडच्या घरी पण मी वस्तूंना हात लावायची."

कवळीवाली तिच्या शेजारी पायरीवर बसली. हातातली चप्पल तिने खाली ठेवली. "दिव्याला हात लावलास ते चुकलंच. त्याबद्दल मी रागावणार आहे, आणि चांगलीच. पण आधी सांग, माझाच दात का?"

"मला हवा होता."

"तुला?"

"माझ्या दातावर लावायला. पाळक म्हणाले ना, लेकरं बापासारखी करतात. शाळेत सगळ्यांची तोंडं घरच्यांसारखी आहेत. माझं नाही. म्हटलं, बाई आल्या की तो लावून हसायचं. मग त्यांना वाटलं असतं मी इथलीच आहे."

नवरा आणि सासूबाई मागोमाग दारात आले होते. सासूबाईंना राहवलं नाही. "एवढा मोठा दात? अगं, ओठ मिटले असते का तुझे? घोडा दिसली असतीस घोडा!"

ठकीला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, पण नाकातून फुर्रकन आवाज आलाच, आणि मग नवरा हसू लागला, आणि पायरीवर चौघांची हसून हसून पुरेवाट झाली.

हसता हसता कवळीवालीच्या लक्षात आलं, की पोरीने क्रम उलटा लावला आहे. नक्कल चांगली जमली तर आपण यांचं लेकरू ठरू, असं हिला वाटतंय. पाळक तसं म्हणाले नव्हते. आधी लाडकं लेकरू असतं, म्हणून ते बापाच्या चपला घालतं. चपला घातल्या म्हणून कोणी कोणाचं लेकरू होत नाही, आणि त्या मोठ्या होतात म्हणून कोणी त्याला घराबाहेर काढत नाही. हे तिला सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तिथेच थांबली. कारण इतके दिवस तिनेही क्रम उलटाच लावला होता. आधी आतून आईसारखं वाटू दे, मग हो म्हणेन. वेण्या, कपाळावरचा हात, निजवतानाचे शब्द हे सगळं खोट्यात जमा करून ती खऱ्याची वाट बघत बसली होती. तो हात तिच्या आईने कुठून घेतला होता? तिच्याही आईने कोणाचा तरी बघूनच घेतला असणार. आणि असं मागे मागे जात गेलं तर तो हात पहिल्यांदा देवानेच आपल्या लेकराच्या कपाळावर ठेवला होता, हे तिला एकाएकी अगदी स्पष्ट दिसलं. मग तो उसना असला तर असू दे की.

"हे बघ," ती ठकीला म्हणाली, "दात बिनपोकळीचा झालाय. असा कधीच बसला नसता. आत जागा ठेवावी लागते. पुढच्या वेळी मी शिकवीन, पण दिवा मी धरणार."

"पुढच्या वेळी?" ठकीने विचारलं.

उत्तर द्यायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आल्या बघ त्या."

गल्लीच्या तोंडाशी खात्याच्या बाई दिसल्या, लगबगीने येणाऱ्या, खांद्यावर तीच मोठी बॅग. ठकीचं हसू विरलं. तिने पिशवीचे बंद पुन्हा आवळून धरले. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्याला एवढं तरी कळत होतं, की वळण जवळ आलं की शेजारच्याने बोलायचं नसतं.

बाई फाटकातून आत आल्या आणि सगळ्यांना पायरीवर बघून गोंधळल्या. "सगळे बाहेरच? काही झालं का?"

"झालंय," सासूबाई म्हणाल्या. "पण ते हिला सांगू दे."

बाईंनी बॅग खांद्यावरून उतरवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. गेल्या खेपेचं उत्तर त्यांना पाठ होतं. "हे बघा, मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात थोडा वेळ द्या. मी काही घाई करत नाही, पण आता—"

"झाला वेळ," कवळीवाली उठत म्हणाली. ठकीच्या मांडीवरची पिशवी तिने काढून घेतली आणि मागे न बघता नवऱ्याच्या हातात दिली. "ती दुसऱ्या घरची माणसं वाट बघतायत ना, त्यांना सांगा, वाट बघू नका. ही आमची मुलगी आहे. कायमची."