लुओमची तिथी

“आता जे सांगणार आहे ते तुम्ही खरं मानलंत, तर माझं नाव बदला,” थ्वान म्हातारा म्हणाला. कालव्याकाठच्या कॉफीच्या टपरीवर बसलेल्यांनी लगेच आपापले पेले उचलून बाक पुढे ओढले.

“अमेरिकनांचं हेलिकॉप्टर उतरलं माझ्या शेतात. पात्यांचा वारा एवढा, की माझं छप्पर उडालं ते थेट कालव्यापलीकडे, या ह्वाकच्या घरावर जाऊन नीट बसलं. तीन पावसाळे हा त्याखाली झोपला, आणि वर गळतं म्हणून मलाच शिव्या!”

“गळत होतंच,” शेजारी ह्वाक शांतपणे म्हणाला.

“त्यातून एक अमेरिकन उतरला. नारळाच्या झाडाएवढा. गुडघ्यांवर बसला तरी म्हशीच्या शिंगांवरून पलीकडचं दिसत होतं त्याला. त्याच्याशी बोलायला कोण? आमचा लुओम! त्यांच्याच बाजूच्या फौजेत होता ना पोरगा. अमेरिकन असा खूश झाला, की लुओमला काखोटीला मारून घेऊन गेला अमेरिकेला. आता तिथे माशांचा खारा रस विकतो. गोरी माणसं नाक दाबून रांगेत उभी राहतात.”

“मग वीस वर्षांत एक पत्र नाही, थ्वानदादा?”

“अरे, तिकडे थंडी अशी, की शाई दौतीतच गोठते. बिचारा उन्हाळ्याची वाट बघतोय.”

टपरी खदखदून हसली. हसली नाही ती फक्त मिएन. लुओमची बायको. सासऱ्याला जेवायला न्यायला ती होडी घेऊन आली होती आणि काठावर वल्हं धरून उभी होती.

खरी गोष्ट चार ओळींत मावते, म्हणून म्हातारा ती कधी सांगत नसे. लुओमला बाजारातून उचलून सरकारी फौजेत भरती केलं. अंगावर अमेरिकन बूट, खांद्यावर अमेरिकन बंदूक. उत्तरेकडच्या डोंगरांत त्याची पलटण फुटली. नंतर ना तो आला, ना त्याची खबर.

अशी हरवलेली माणसं गावात घरोघरी होती. मेल्याचा दिवस ठाऊक नसला, की घर सोडल्याचा दिवस तिथी म्हणून धरायचा, रांधायचं, त्याच्या नावाचा वाडगा भरून ठेवायचा, शेजारपाजारला जेवू घालायचं. तिथी नाही त्याचा जीव उपाशी भटकतो. पण तिथी घातली की माणूस मेला. आणि ती तोंडाने सांगायची घरातल्या वडीलधाऱ्याने. थ्वानने आजवर सांगितली नव्हती.

“बाबा, आज तरी सांगा,” होडी वल्हवता वल्हवता मिएन म्हणाली. “कोणता दिवस धरायचा?”

“जिवंत पोराला माझ्या हातानं मारू?”

“कालव्यापलीकडच्या बेनने परवा त्याच्या आत्याबरोबर मागणीचं पान-सुपारीचं तबक पाठवलं होतं.”

बेन होड्या बांधायचा. विधुर, कमी बोलणारा.

“मग?”

“परत पाठवलं. जिवंत माणसाच्या बायकोने पान-सुपारी कशी घ्यायची? तुमच्या अमेरिकेत लुओमला दोन बायका झाल्या, बाबा. मला इथे एक नवरा नाही.”

“दोन नाही, एकच.”

“दुसरी गेल्या महिन्यात झाली. ह्वाककाकांनी लग्नाचं जेवण मागितलं होतं, आठवतंय?”

काठ येताच म्हाताऱ्याने होडीचा दोर खुंटाला बांधला.

जेवण झाल्यावर तो मागच्या तळ्यावर जाऊन बसला. तळं कसलं, बॉम्बचा खड्डा तो. कधीकाळी तिथे जुनं स्वयंपाकघर होतं आणि त्यात थ्वानची बायको होती. आता मासे होते. त्याने कोंड्याची मूठ टाकली, मासे वर आले, खाऊन खाली गेले. त्यांना त्याने हत्ती गिळलेल्या माशाची गोष्ट सांगून पाहिली. दुसऱ्याच वाक्याला आवाज बसला. थापा मारायला समोर माणूस लागतं. खरं मात्र बोलावल्याशिवाय शेजारी येऊन बसतं.

घरातून मिएनच्या सुरीचा आवाज येत होता. मासे साफ करत होती ती. या घरात आवाज करणारं तेवढं एकच माणूस. ते कालव्यापलीकडे गेलं, की सकाळी टपरी, आणि मग उरलेला सगळा दिवस हे पाणी. वीस वर्षं आपण पोराला जिवंत ठेवलं ते पोरासाठी की या सुरीच्या आवाजासाठी, हे म्हाताऱ्याने स्वतःला विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

तो उठला, गुडघे धरत आत आला आणि चुलीपाशी बसला.

“पोरी, हे तू खरं मानणार नाहीस.”

“सांगा.”

“मी लुओमला शेवटचा भेटलोय. लढाई चालू होती त्या उंदराच्या वर्षी. बदकं विकायला डोंगरात गेलो होतो. साठ बदकं, माझ्यामागे एका ओळीत, पलटणीसारखी. नाक्यावरच्या अमेरिकनाने त्यांना सलाम ठोकला.”

मिएनची सुरी थांबली.

“संध्याकाळ होती. तो खंदकात भात खात होता. मला म्हणाला, बाबा, तुम्ही कुठे इकडे? तेवढ्यात विमानं आली. दोस्तांचीच. खाली कोण आहे ते त्यांना वरून काय दिसणार? बदकं सगळी गप्प झाली.” म्हातारा थांबला. या जागी एक विनोद असायला हवा होता. तो सापडला नाही. “मी या हातांनी पुरलं त्याला. दुसऱ्या महिन्याची अकरावी तिथी होती.”

“अकरावी?”

“अकरावी.”

मिएनने हात धुतले. देवघराच्या फळीवर लुओमचा गणवेशातला फोटो वीस वर्षं नुसताच होता. त्याच्यापुढे तिने पहिल्यांदा तीन उदबत्त्या लावल्या, नवऱ्याचं नाव घेतलं, महिना आणि तिथी पुटपुटली, आणि कपाळ जोडल्या हातांवर टेकून बराच वेळ तशीच उभी राहिली. खांदे हलत होते.

मग तिने बाहीने डोळे पुसले आणि ती वळली.

“उंदराच्या वर्षी दुसऱ्या महिन्यात तुमचा पाय मोडला होता, बाबा. विमानं आली की मीच तुम्हाला पाठीवर घालून खंदकात नेत होते. डोंगरात कुठले जाताय? साफ खोटं बोलताय तुम्ही! आता अकरावीला कुणाकुणाला जेवायला बोलवायचं, ते सांगा.”